नाळेत एकच धमनी: दुसरी झालीच नाही, की होऊन गेली?

चांदणवेल:
गेल्या आठवड्यात माझी विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. नाळेत तीनऐवजी दोनच रक्तवाहिन्या दिसल्या, एक शीर आणि एकच धमनी. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. बाकी दोष दिसत नाही, हृदय आणि मूत्रपिंडं पुन्हा बारकाईने बघू, बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवू. त्यामुळे उपचारांबद्दल मला काही विचारायचं नाही.

मला छळतंय ते वेगळंच. ती दुसरी धमनी तयारच झाली नाही, की तयार होऊन नाहीशी झाली? आणि मुळात बाळाच्या रक्तवाहिन्या येतात कुठून? रात्री डोळे मिटले की हृदयातून फांद्या फुटताहेत असं दिसतं, आणि त्यातली एक अर्ध्यावरच थांबलेली. सुरुवातीच्या दिवसांत, गरोदर आहे हे कळायच्याही आधी, मी एक जड कपाट एकटीने सरकवलं होतं. त्याचं तर हे नाही ना?

किरणशलाका:
माझ्या माहितीप्रमाणे हृदय आधी तयार होतं. ते धडधडायला लागलं की रक्ताच्या जोराने वाहिन्या पुढे पुढे सरकतात, पाणी वाट काढतं तशा. त्यामुळे तुमचं फांद्यांचं चित्र बरोबरच असावं. काळजी घ्या.

जुनी शिक्षिका:
चांदणवेल, आधी कपाटाचं. कपाट सरकवल्याने नाळेतली धमनी जात नाही. ते आजच मनातून काढून टाका.

आता फांद्यांचं. हे चित्र खूप जणांच्या मनात असतं. मी वर्षानुवर्षं गर्भविज्ञान शिकवलं आणि दर वर्षी पहिल्या तासाला तेच चित्र फळ्यावरून पुसावं लागलं. पहिल्या रक्तवाहिन्या हृदयातून फुटत नाहीत. त्या भ्रूणाच्या शरीरातही नसतात. तिसऱ्या आठवड्यात, गर्भधारणेनंतर साधारण 17-18 दिवसांनी, भ्रूण अजून चपट्या चकतीसारखा असतो. तेव्हा त्याच्याबाहेर, योक सॅक म्हणजे भ्रूणाला जोडलेल्या छोट्या पिशवीच्या भिंतीत, पेशींचे छोटे पुंजके जमतात. त्यांना रक्तद्वीपं म्हणतात. पुंजक्याच्या कडेच्या पेशी चपट्या होऊन भिंत धरतात, मधल्या सुट्या होऊन पहिल्या रक्तपेशी बनतात. म्हणजे नळी आणि तिच्यातलं रक्त एकाच पुंजक्यातून. मग बेटाला बेट जुळतं आणि जाळं होतं. लवकरच भ्रूणाच्या आतही पेशी अशाच जुळून नळ्या होतात. हृदयसुद्धा सुरुवातीला एक नळीच असतं. ती 22-23 व्या दिवशी धडधडू लागते तेव्हा तिला जोडून घ्यायला जाळं वाट बघत असतं. (सोनोग्राफीच्या हिशोबात या दिवसांत दोन आठवडे मिळवा.)

कोंबडीच्या अंड्यात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उबवायला ठेवलेल्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडायची, थोडा पांढरा बलक ओढून घ्यायचा आणि भिंगातून बघायचं. दुसऱ्या दिवशी भ्रूणापासून दूर, पिवळ्या बलकाच्या कडेकडेने तांबूस ठिपके दिसतात, अगदी तिखटाची चिमूट पडावी तसे. ठिपका आपापल्या जागी असतो, वाहत नाही. तिसऱ्या दिवशीचं अंडं उघडलं की तेच ठिपके तांबड्या जाळीत गेलेले असतात, मधोमध एक बिंदू उडत असतो आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जाळीतलं रक्त किंचित पुढे ढकललं जातं. हा उडणारा बिंदू अ‍ॅरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवलाय. वाहिन्या मात्र जिवंत जुळताना पाहिल्या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ फ्लोरेन्स सॅबिन यांनी, 1917 च्या सुमारास, भिंगाखाली कोंबडीचा भ्रूण जिवंत ठेवून. त्यासाठी त्या रात्रभर जागल्या होत्या. तो अनुभव मला हेवा वाटावा असा वाटतो.

फांद्या फुटतात, पण नंतर. या पहिल्या जुळणीला व्हॅस्क्युलोजेनेसिस म्हणतात, आणि असलेल्या वाहिनीतून नवी फुटण्याला अँजिओजेनेसिस. ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. जवळच्या वाहिनीतली एखादी पेशी पुढे होते, बारीक बोटांसारखे धागे काढून चाचपडत त्या दिशेला सरकते आणि शेजारणींना मागे राहायला सांगते. सगळ्याच पुढे धावल्या तर नळी व्हायची कशी? या प्रथिनाचं प्रमाण फार काटेकोर लागतं. 1996 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की उंदराच्या भ्रूणात व्हीईजीएफच्या जनुकाची दोनपैकी एकच प्रत गेली तरी तो गर्भातच मरतो.

आता तुमची धमनी. सुरुवातीला नाळेत दोन धमन्या आणि दोन शिरा असतात, म्हणजे चार. उजवी शीर दुसऱ्या महिन्यात सगळ्यांचीच नाहीशी होते. आपण ज्याला तीनची नाळ म्हणतो तीसुद्धा एक वाहिनी गमावूनच झालेली असते. भ्रूण गरजेपेक्षा जास्त वाहिन्या करतो आणि बऱ्याच सोडून देतो. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड थोमा यांनी 1893 मध्ये कोंबडीच्या भ्रूणावरून मांडलं होतं की जिच्यातून रक्त जोरात वाहतं ती वाहिनी रुंदावते, जिच्यातलं मंदावतं ती आक्रसते. नाळेतली दुसरी धमनी कधी मुळातच झालेली नसते, तर कधी होऊन आक्रसून जाते. तुमच्या बाळाच्या बाबतीत यातलं कोणतं, ते विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीवरून ओळखता येत नाही. पण उरलेली धमनी बहुधा नेहमीपेक्षा रुंद झालेली असते, कारण बाळाकडून वारेकडे जाणारं दोघींचं रक्त ती एकटी नेते.

किरणशलाका:
शिक्षिकाताई, माझी चूक सुधारली, आभार. एक विचारू? धमनी व्हायचं की शीर हे त्या पेशीला कधी कळतं? रक्त वाहायला लागल्यावरच ना?

जुनी शिक्षिका:
प्रश्न छान आहे. बराच काळ तसंच मानलं जायचं. 1998 मध्ये उंदरात दिसलं की धमनीच्या पेशींवर इफ्रिन-बी2 आणि शिरेच्या पेशींवर इएफबी4 ही वेगवेगळी प्रथिनं रक्ताभिसरण सुरू होण्याआधीच असतात. म्हणजे पेशीला आधीच अंदाज असतो. पण तो पक्का नसतो. 2004 मधल्या प्रयोगात कोंबडीच्या भ्रूणातली एक धमनी बांधून टाकली, तर तिच्या पुढच्या भागाचं रूपांतर शिरांमध्ये झालं. प्रवाह परत दिल्यावर तो पुन्हा धमनीसारखा वागू लागला. मला स्वतःला या विषयातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. जन्मखूण असते, पण रोजच्या वाहण्याने ती बदलू शकते.

प्रसूतीकक्ष:
मी नर्स आहे, नाळ कापल्यावर कापलेलं टोक बघणं हे आमच्या कामाचाच भाग. ओल्या पांढुरक्या जेलीत शीर मोठी असते, भिंत पातळ, तोंड सैल उघडं. धमन्या लहान, गोल, जाड भिंतीच्या, आकसून किंचित वर आलेल्या. बोटाने दाबलं तर घट्ट लागतात. एकच दिसली की आम्ही नोंद करतो आणि बाळाच्या डॉक्टरांना सांगतो. शंभरात साधारण एखादी नाळ अशी असते. इतर दोष नसेल तर यातली बहुतेक बाळं चांगली असतात. तरी चांदणवेलताई, डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.

चांदणवेल:
तारीख पक्की आहे, चुकवणार नाही. शिक्षिकाताई, कपाटाचं वाचून मी खरंच रडले. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगणार आहे, नाळेचा आडवा छेद मला स्क्रीनवर दाखवा. एक मोठं वर्तुळ, एक लहान. ते लहान किती रुंद झालंय, तेही विचारीन आणि इथे येऊन लिहीन.