घरी बनवलेली डिस्क गोल्फची बास्केट: डिस्क साखळीत थांबतच नाही

आर्याची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला असतो. लेक 13 वर्षांची, वर्षभर डिस्क गोल्फ खेळतेय, म्हणजे प्लास्टिकची चकती लांबून फेकत शेवटी साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची. लांबची फेक झकास जाते, पण शेवटच्या 6-7 मीटरवर आली की हात आखडतो म्हणते. रोज पार्कात नेणं मला जमत नाही, म्हणून मागच्या अंगणात बास्केट बनवली. धुण्याची गोल प्लास्टिकची टोपली, मधोमध पीव्हीसीचा पाइप, वर हुला हूप आणि त्याला 12 साखळ्या. वाऱ्यात गुंता होऊ नये म्हणून साखळ्या खाली पाइपला ताणून बांधल्या. तर 10 पैकी 6-7 डिस्क आपटून परत गवतात. पोर म्हणते, माझाच नेम चुकतोय. नाही चुकत, मी शेजारी उभी राहून बघते. विकतची घ्यायच्या आधी हीच सुधारायची आहे, तिनं स्वतः रंगवलीय. कुणी बनवली आहे का?

फिटरकाका_चिंचवड
ताई, आधी लेकीला सांगा की दोष साखळीचा आहे. हे आजच सांगा, बाकीचं सावकाश वाचा.

मी चिंचवडला एका कारखान्यात 31 वर्षं टूलरूममध्ये होतो. आता वर्षातले सहा महिने मुलाकडे, तुमच्याच गावात. हॉर्नेट्स नेस्ट पार्कात सकाळी फिरायला जायचो, तिथं हा खेळ पाहिला आणि साखळीत डिस्क पडल्याचा तो ‘छन्न’ आवाज मनात बसला. नातवासाठी तीन बास्केट केल्या. पहिल्या दोन तुमच्यासारख्याच वागल्या.

साखळीचं काम डिस्क अडवणं नाही, तिचा वेग पिऊन टाकणं आहे. पटिंगची, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क 170-175 ग्रॅमची. ती येते तेव्हा साखळी मागं झुलली पाहिजे, डिस्कभोवती गोळा झाली पाहिजे, मग डिस्क सरळ खाली टोपलीत. ताणलेली साखळी म्हणजे भिंत. उलट फार हलकी असेल तर डिस्क आरपार निघून जाते. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला 1975 मध्ये पहिलं कायमचं मैदान झालं, तेव्हा नुसत्या खांबावर नेम धरत. साखळी आणि टोपलीची कल्पना एड हेड्रिक यांची, पेटंट 1977 चं. मी ते चित्र पाहिलं. सगळी करामत त्या ढिलाईत आहे.

आता माझी मापं सांगतो. टोपलीचा काठ जमिनीपासून 82 सेंटिमीटर, हे नियमातलं माप आहे, 6 इकडंतिकडं चालतं. काठापासून वरच्या चक्रापर्यंत 52 ठेवलं, पार्कातल्या बास्केटला टेप लावूनच घेतलं. बाहेरच्या 12 साखळ्या प्रत्येकी 70 सेंटिमीटर. वरच्या चक्रापासून खाली पाइपपर्यंत सरळ रेषेत 62 पुरतात, वरचे 8 म्हणजेच ढिलाई. आत आणखी 6, प्रत्येकी 62 च्या. तुमच्याकडं आतल्या साखळ्याच नाहीत. बाहेरच्या दोन साखळ्यांमधून घुसलेली डिस्क तिथं थांबते. दुकानात 40 फूट मागा आणि 2-3 फूट जास्तीची घ्या. झोपाळ्याची साखळी नको, फार जड.

हुला हूप काढा. वजनानं तो अंडाकृती होतो आणि साखळ्यांची अंतरं बिघडतात. जुन्या सायकलचं 26 इंची चाक घ्या, आऱ्यांसकट. रिमला 36 भोकं असतात, दर तिसऱ्या भोकात एक साखळी म्हणजे बरोबर 12, मोजायचीसुद्धा गरज नाही. आतल्या सहा साखळ्या आऱ्यांना, हब आणि रिमच्या मध्यावर, बाइंडिंग वायरनं बांधा. पाइपच्या टोकाला झाकण बसवा, त्याला मधोमध भोक पाडा, चाकाचा आस त्यातून खाली काढून नट आवळा.

इथं एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. चाक ते चाकच! डिस्क लागली की बेअरिंगवर फिरायचं आणि साखळ्यांची वेणी व्हायची. दोन दिवस कळेना. मग आसावरचे दोन्ही बाजूंचे कोन (बेअरिंगचे छरे धरणारे निमुळते नट) पान्यानं असे आवळले की छरे जाम झाले. तेव्हा थांबलं.

आणि झिंक चढवलेली साखळी कुणाकडूनही वेल्डिंग करून घेऊ नका. तो धूर वाईट. एस-हुक लावून पक्कडीनं दाबले की झालं.

आर्याची_आई
काका, वाचून दाखवलं तिला. काही बोलली नाही, पण लगेच जाऊन साखळ्यांच्या गाठी सोडायला बसली. पाइप जमिनीत पुरू का? वाऱ्यात आताची बास्केट दोनदा पडली.

फिटरकाका_चिंचवड
पुरू नका. पुरायचाच असेल तर खोदण्याआधी 811 ला फोन करा, गॅसच्या आणि विजेच्या लाइनी फुकट आखून देतात. पण सरावाला बास्केट हलती हवी, नाहीतर एकाच जागेची सवय लागते, शिवाय तिथलं गवत मरतं. 5 गॅलनची बादली, त्यात 60 पौंडी काँक्रीटची एक पिशवी, सुमारे दोन तृतीयांश भरते. पीव्हीसी नको, सव्वा इंची लोखंडी पाइप साधारण 134 सेंटिमीटरचा (82 अधिक 52), बादलीच्या तळाला टेकवून उभा करा. ओळंबा दोन बाजूंनी लावा आणि पाइपला दोऱ्या बांधून रात्रभर हात लावू नका.

सांगलीकर_प
काका, मी सांगलीत. पोरं अल्टिमेट (डिस्क एकमेकांकडं फेकत खेळायचा सांघिक खेळ) खेळतात, त्यांनाही असं काही करून द्यायचंय. भंगारात 28 इंची जुन्या सायकलींची चाकं ढिगानं पडलीत. चालतील का?

फिटरकाका_चिंचवड
उत्तम. 28 ची रिम खाली टोपलीच्या काठाला वापरा, आरे काढून टाका. वर 26 ची. वरचं चक्र लहान आणि टोपली मोठी, म्हणजे घरंगळलेली डिस्क आतच पडते. रिमभोवती जाळी, तळाला प्लायवूडची चकती, खालून यू-बोल्ट. चकतीला पाणी जायला भोकं पाडा. रिमच्या कडेवर बागेची जुनी नळी उभी चिरून चढवा, डिस्क खरचटत नाहीत. मात्र तुमच्याकडच्या जुन्या चाकांना पुढं 32 आणि मागं 40 भोकं असतात, तेव्हा वर 26 चं मागचं चाक मिळालं तर दर चौथ्या भोकात 10 साखळ्या लावा. दोन साखळ्या कमी, बिघडत नाही. अल्टिमेटची डिस्क मोठी असते, साखळी आणखी 2-3 सेंटिमीटर ढिली सोडा. साखळी हार्डवेअरमध्ये किलोवर मिळेल. आधी एकच 70 ची कापून टांगा, बोटानं ढकला. हात काढल्यावर दोन-तीन झोके घेऊन थांबली तर बाकीच्या कापा.

आर्याची_आई
चाक बसलं. वापरलेल्या सायकलींच्या दुकानात मिळालं. साखळ्या तिनंच मोजून कापल्या, प्रत्येकीला निळ्या दोऱ्याची खूण केली. कोन आवळायला मात्र शेजारच्या आजोबांचा पाना आणावा लागला. काल संध्याकाळी 5 मीटरवरून 20 टाकल्या, 16 आत. चार गेल्या त्या खरोखरच बाजूनं गेल्या, हे तीच म्हणाली. आज 7 मीटरवर चुन्याची रेघ मारलीय. काका, या शनिवारी हॉर्नेट्स नेस्टला येणार असाल तर सकाळी 8 ला आम्ही तिथं आहोत. तिला तुम्हाला तिची ग्रिप दाखवायची आहे.