ब्युटेनॉल वेगळे करण्यासाठी आयनिक द्रव: जिवाणू तग धरतील का?

प्रश्न: क्लोस्ट्रिडियम जिवाणूंच्या किण्वनात ब्युटेनॉल (इंधन म्हणूनही चालणारे अल्कोहोल) लिटरमागे 12-13 ग्रॅमच्या आसपास पोहोचले की जिवाणूंची वाढ खुंटते. ते चालू किण्वनातच आयनिक द्रवाने (कमी तापमानालाही द्रवरूप राहणाऱ्या क्षाराने) शोषून घ्यावे, असा विचार आहे. कोणता द्रव निवडावा?

उत्तर १: इमिडाझोलियम या आयनिक द्रवांच्या गटात कार्बनसाखळी जितकी लांब, तितका तो द्रव पेशीपटलात घुसून सहसा अधिक मारक ठरतो, हे आधी ध्यानात घ्या. हेक्झाफ्लुरोफॉस्फेट हा ऋण आयन असलेले द्रव तर टाळाच; पाण्याच्या संपर्कात त्या आयनाचे विघटन होऊन काचही खाणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल सुटू शकते.

उत्तर २: फॉस्फोनियम गटातले (फॉस्फरसयुक्त) आयनिक द्रव पाण्यात फारसे मिसळत नाहीत, पण दाट असल्याने थर सावकाश सुटतात. ओलिल अल्कोहोल या ब्युटेनॉल शोषण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या द्रावकाशी तुलना केल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. काल अशाच एका द्रवाची कुपी हलवून ठेवली, तेव्हा दोन थरांमधली दुधाळ साय तासाभरानेही तशीच होती; त्याचे कारण आता कळले.