"फक्त आजचा दिवस" म्हणजे पळवाट न्हवं काय?

खानापूर_रोड:
आमच्या दाजींचा विषय आहे. चार महिने झाले एएच्या म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जाऊलालेत, थेंब घेतलेला नाही, त्यात शंका नाही. परवा आईनं देव्हाऱ्यापुढं बसवून सांगितलं, एकदा विठोबाला हात लावून म्हणा जन्मात घेणार नाही. तर हे म्हणतात, "मामी, आज घेणार नाही एवढं सांगतो, उद्याचं उद्या." आई त्या रात्री रडत बसली, जेवली नाही. आता ह्याला काय अर्थ? उद्याची वाट मोकळी ठेवलीच की. "ह्या महिन्याचा हप्ता भरतो, पुढचं बघू" म्हटलेल्या माणसाला सोसायटी कर्ज देईल काय? "फक्त आजचा दिवस" ही तिथल्या भिंतीवरची पाटी, बाकीच्या पाट्या पण तसल्याच, "सावकाश घ्या", "येत राहा". शाळेतले सुविचार बरे.

आज_अकरा_वर्षं:
तुमच्या आईंना दाजींनी खरं सांगितलं म्हणून रडू आलं. मी माझ्या आईला तीनदा शपथ घेऊन हसवलोय. एकदा सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर, एकदा पोराच्या डोक्यावर हात ठेवून, एकदा माळ घालून. तिन्ही मनापासून हो, त्या घडीला खोटं एक पण नव्हतं. माळ सत्तेचाळीस दिवस टिकली. मग गावच्या जत्रेत एक नाइंटी घेतली आणि डोक्यात आलं की आता मोडलीच, देवाचा गुन्हेगार झालोच, मग एक काय नि दहा काय. पुढचे दोन महिने मला धड आठवत नाहीत. शपथ जेवढी मोठी तेवढा मोडल्यावरचा खड्डा मोठा असतो, आणि मोडलेला माणूस तोंड लपवत फिरतो, कुणाकडं जाणार तो? "आज" मोडला तर एक दिवस मोडला, संध्याकाळी मीटिंगला जाऊन तोंडानं सांगता येतं.
आणि वाट मोकळी ठेवायचं म्हणाल तर उलटं आहे. "जन्मभर" हा शब्द ऐकला की माझ्या घशाला कोरड पडायची. पोराच्या लग्नात पण नाही? बाप गेला त्या रात्री पण नाही? असला विचार करत करतच पाय बारकडं वळायचे. आज रात्री दुकानाचं शटर पडेपर्यंत नाही, एवढं मात्र जमायचं.

हरिपाठवाला:
माळेला नावं ठेवू नका. आमचे वडील सारायीची, म्हणजे स्वस्तातल्या देशी दारूची, पाकिटं दातानं फाडून पिणारे. २००७ च्या जुलैत कर्नाटकात सारायी बंद झाली तेव्हा गावातले बाकीचे स्वस्तातल्या व्हिस्कीवर गेले, नाहीतर चोर्ला घाटाकडनं येणाऱ्या गोव्याच्या मालावर. वडील त्या आषाढीला पंढरपूरला जाऊन माळ घालून आले, अजून थेंब नाही. ना मीटिंग ना पाटी. १९३५ साली अमेरिकेत निघालेलं आपल्याला कशाला पाहिजे गा?

आज_अकरा_वर्षं:
वडील रोज संध्याकाळी हरिपाठाला जातात काय?

हरिपाठवाला:
जातात. एकादशीला भजन, वर्षाला वारी.

आज_अकरा_वर्षं:
मग झाली की मीटिंग.

हरिपाठवाला:
ते भजन आहे, मीटिंग न्हवं. तिथं कोण उभं राहून "मी दारुडा" म्हणत नाही. मला हेच पटत नाही, अकरा वर्षं न पिलेल्या माणसानं अजून स्वतःला दारुडा का म्हणवून घ्यायचं?

आज_अकरा_वर्षं:
कैरीचं लोणचं होतं, लोणच्याची परत कैरी होत नाही म्हणतात आमच्यात. मला "आता मी बरा झालो" असं वाटलं की चौथ्या दिवशी "एखादा घेतला तर काय होतंय" सुरू होतं, म्हणून म्हणतो. तुमच्या वडलांना गरज नसेल तर नका म्हणू.

नाईट_ड्युटी:
सिस्टर आहे मी, मध्येच बोलते. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात, घोट घेतल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही, असल्या माणसाला "आजपासून बंद" म्हणून खोलीत कोंडू नका. शपथ असू दे नाहीतर पाटी. शेवटच्या घोटानंतर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भिंतीवर किडे दिसतात, माणूस दगावतो पण. दवाखान्यात गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन उतरवायचं असतं. नंतर ओढ कमी करायची गोळी पण मिळते, आणि ती घेणाऱ्याला "हा खरा सोबर न्हवं" म्हणणारे मीटिंगमध्ये भेटतात ते मला अजिबात आवडत नाही.
पाट्यांना हसणाऱ्या दादांना पण सांगते, २०२० साली कॉक्रेनचा, म्हणजे उपचारांचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आलाय, २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याकडं पद्धतशीर वळवणारे उपचार बाकीच्या उपचारांच्या तोडीचे, बऱ्याच ठिकाणी सरस निघाले. मला विचाराल तर पाटीपेक्षा शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं काम जास्त.

शरणु_चिक्कोडी:
आमच्या मीटिंगला निम्मे कन्नड निम्मे मराठी. एएच्या बारा पायऱ्यांतल्या तिसऱ्या पायरीला "शरण जाणे" आलं की मराठी गडी आखडतो, शिवजयंतीला चित्ररथ काढणारे आपण, शरण कुणाला जायचं? शेजारचा कन्नडवाला मात्र भेटल्यावर रोजच "शरणु शरणार्थी" म्हणतो, बसवण्णांच्या माणसांना शरणच म्हणतात, त्याला त्यात हरल्यासारखं काय वाटत नाही. सीमाप्रश्न तिथं पण आलाच बघा.

वडगावची_सून:
सगळे पिणाऱ्याचंच बोलूलालेत म्हणून लिहिते. "देवावर सोडा" हे मला पन्नास जणांनी सांगितलंय. कापडाचा माग चालवून घर मी ओढायचं आणि सोडून पण मीच द्यायचं होय? अल-अनॉनच्या बायकांनी, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या ग्रुपनं, मला एकच वाक्य कामाचं दिलं. मी हे लावलं नाही, मला हे आवरता येत नाही, मला हे बरं करता येत नाही. सासूबाई बारा वर्षं म्हणत आल्या की बायको नीट असती तर पिला नसता, तेव्हा त्यातला पहिला तुकडा मागाच्या खटखटीत मनातल्या मनात म्हणत बसायची मी.
पण तेच वाक्य एक दिवस नवरा मलाच ऐकवला. खिशात क्वार्टर होती, काढून घ्यायला गेले तर म्हणतो, "तुला आवरता येत नाही असं तुमच्यातच सांगतात ना?" ताट फेकून मारावंसं वाटलं. ज्यानं स्वतःला म्हणायचं ते दुसऱ्याच्या तोंडावर मारलं की असलंच होतं.
आणि खानापूरच्या दादा, तुमच्या आईंचं मला कळतं. दाजींना आजचं बघून चालतं, तुमच्या ताईंना नाही चालत. पोराची फी, घरभाडं, हे आजच्या दिवसाचं नसतं.

खानापूर_रोड:
ताईच्या बाजूनं कोणतरी बोललं, बरं वाटलं. मला अजून पळवाटच वाटते, पण आईला अकरा वर्षंवाल्यांचं वाचून दाखवलो. सगळं ऐकून घेतलं आणि विचारूलाली, त्यांची आई आहे काय अजून?

आज_अकरा_वर्षं:
नाही. बंद झाल्यावरची दोन वर्षं बघून गेली. शेवटपर्यंत शपथ घे म्हणत होती, घेतलो नाही.