परदेशी मित्राला गावचं तिकीट पाठवा

टपाल तिकिटं जमवणाऱ्या परदेशी मित्राला गांधीजी आणि ताजमहालाची तिकिटं पाठवली की काम झालं, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. ती तिकिटं त्यांच्याकडे ढिगानं असतात. आपल्या गावाशी नातं असलेलं एखादं तिकीट पाठवून बघा, पत्रव्यवहाराचा रंगच बदलतो.

मी सोलापूरचा. चीनमधल्या शिजियाझ्वांगच्या एका संग्राहकाशी माझी नुसती डुप्लिकेटची, म्हणजे जवळच्या जादा तिकिटांची, देवाणघेवाण चालायची. एकदा त्याने विचारलं, "के दिहुआंचं सोलापूर ते हेच का?" मला नावच कळेना. पुढच्या पाकिटात बटर पेपरच्या घडीत चीनची 1982 ची तिकिटं आली आणि चेहरा बघताच ओळख पटली. के दिहुआ म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस! 1910 साली सोलापुरात जन्मले, 1942 मध्ये चिनी जखमींची सेवा करता करता तिकडेच वारले. त्यांची समाधी त्या मित्राच्याच गावात आहे. मग मी आपल्या टपाल खात्याचं 1993 चं कोटणीसांचं तिकीट शोधून, पाकिटावर चिकटवून, सोलापूरचा शिक्का स्वच्छ उमटवून घेतला आणि पाठवलं. ते पाकीट घेऊन तो समाधीवर जाऊन आला. तिथला फोटो माझ्या अल्बमच्या पहिल्या पानावर आहे, त्या दोन चिनी तिकिटांशेजारी.