मदत हवी आहे: फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन घ्यावं का?

नमस्कार मंडळी. बाबांसाठी लिहितेय. वय ६८. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढलाय. नॉन-स्मॉल सेल प्रकार, अ‍ॅडेनोकार्सिनोमा. मार्जिन, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडा, स्वच्छ आहेत, गाठ पूर्ण निघाली. पण छातीच्या मध्यभागातल्या, म्हणजे मेडियास्टिनममधल्या एका लिम्फ नोडमध्ये कॅन्सर सापडला, म्हणून रिपोर्टवर 'एन-२' आलंय. सध्या केमो चालू आहे.

प्रश्न केमोनंतरचा आहे. सर्जन म्हणतात, रेडिएशनची गरज नाही. रेडिएशनच्या डॉक्टरांचं म्हणणं, नोडमध्ये होतं ना, मग त्या जागेला देऊन टाकू, तिथे परत येण्याची शक्यता कमी होईल. दोघंही चांगले डॉक्टर आहेत, दोघांनीही वेळ देऊन समजावलं, आणि म्हणूनच आम्ही अडकलोय. त्यात बाबांची आधी अँजिओप्लास्टी झालेली आहे.

बाबा तीन गोळ्यांच्या त्या यंत्रात श्वास ओढत बसतात. दोन गोळ्या वर जातात, तिसरी नुसती हलते. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरतात. जे फुप्फुस उरलंय त्याला आणखी इजा नको, असं मन म्हणतं. आणि नाही घेतलं आणि तिथेच परत आलं तर? कुणाच्या घरी असा निर्णय घ्यावा लागला असेल तर कशावरून ठरवलंत, ते कृपया सांगा.

*प्रतिसाद १*

ताई, मी रेडिएशन विभागात काम करते. डॉक्टर नाही, पण हा प्रश्न रोज कानावर येतो. मार्जिनमध्ये कॅन्सर राहिला असेल तर रेडिएशन सहसा सुचवतातच. तुमचं तसं नाही. मार्जिन स्वच्छ आणि एन-२, नेमक्या अशाच पेशंटवर लंग-आर्ट नावाची मोठी चाचणी झाली. ५०१ पेशंट होते, निकाल २०२२ मध्ये छापून आला. अर्ध्यांना ५४ ग्रे (ग्रे हे डोसचं माप) रेडिएशन दिलं, अर्ध्यांना नाही. ३ वर्षांनी आजार परत न येता जगणारे रेडिएशनवाल्यांत ४७ टक्के आणि न घेतलेल्यांत ४४ टक्के. हा फरक ठोस धरला गेला नाही. मेडियास्टिनममध्ये परत येण्याचं प्रमाण मात्र रेडिएशनने बरंच कमी झालं, म्हणजे तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणंही खरं आहे. पण त्या गटात हृदय-फुप्फुसाचे त्रास जास्त झाले. म्हणून आता एन-२ दिसलं की सरसकट देत नाहीत, पेशंट बघून ठरवतात.

मी तुमच्या जागी असते तर दोन गोष्टी धरून बसले असते. किती नोड काढले आणि त्यातले किती बाधित, किती ठिकाणचे? आणि प्लॅनिंग झाल्यावर हृदयाला किती डोस जातोय? तो आकडा प्लॅनमध्ये असतोच, निःसंकोच मागा. ईजीएफआर तपासणीचंही विचारा, म्हणजे गाठीतल्या त्या नावाच्या जनुकात बदल आहे का ते. तो बदल निघाला तर ओसिमर्टिनिबची रोजची गोळी ३ वर्षं देतात, त्यामुळे पुढचं सगळं गणितच बदलतं.

*प्रतिसाद २*

माझ्या सासऱ्यांच्या मार्जिनमध्ये कॅन्सर होता, त्यामुळे रेडिएशन घ्यावंच लागलं. सिटिंगला काहीच दुखत नाही, जेमतेम काही मिनिटं. तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना घशाखाली आग व्हायची. पातळ, मऊ, गार असं थोडं थोडं दिलं, औषध होतंच. संपल्यावर हळूहळू थांबलं.

पण घ्यायचं ठरलं तर एक नक्की लक्षात ठेवा. रेडिएशन संपून काही महिने गेल्यावर कोरडा खोकला, धाप, बारीक ताप आला तर साधं इन्फेक्शन समजून घरी थांबू नका. फुप्फुसाला रेडिएशनची सूज येते, त्याला स्टेरॉइड लागतात. आम्हाला हे डिस्चार्जच्या वेळी नर्सनी बजावून सांगितलं होतं, म्हणून लगेच गेलो.

*धागाकर्ती*

दोघींचे मनापासून आभार. रिपोर्ट परत काढून पाहिला, बाधित नोड एकाच ठिकाणचा आहे. ईजीएफआरचा निकाल यायचाय. आता कल न घेण्याकडे झुकतोय, पण ठरवायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना रेडिएशनवाल्या डॉक्टरांशी थेट बोलायला सांगणार आहे. आधीपासून हृदयविकार असताना कुणी छातीला रेडिएशन घेतलंय का? पुढे कोणत्या तपासण्या चालू ठेवल्या, तेवढं लिहा.