लिनक्स नव्याने बसवण्यासाठी डिस्कवरच रिकव्हरी पार्टिशन: योग्य रचना कोणती?

प्रश्न

नमस्कार. माझे वडील एकटे राहतात आणि त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ आहे. काही बिघडले तर पेन ड्राइव्ह शोधण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, संगणक सुरू होताना मेनूतील एक ओळ निवडून मिंट पुन्हा बसवता यावे आणि त्यांचे फोटो व कागदपत्रे जशीच्या तशी राहावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे. होमचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वैयक्तिक फायलींसाठीचा भाग, मी पहिल्यापासून वेगळे ठेवले आहे.

त्यासाठी डिस्कच्या शेवटी १६ जीबीचे पार्टिशन ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल प्रणालीत करून त्यात मिंटची आयएसओ फाइल (मिंट बसवण्याचा सगळा संच एकाच फाइलमध्ये) ठेवली आणि ग्रबच्या (संगणक सुरू होताना मेनू दाखवून प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) ४०_कस्टम या फाइलमध्ये ती आयएसओ लूपबॅकने, म्हणजे फाइललाच डिस्कसारखे वापरून, सुरू करणारी नोंद लिहिली. लाइव्ह मिंट (न बसवताच थेट चालणारे) व्यवस्थित सुरू होते, पण डिस्कवरील एक पार्टिशन माउंट केलेले (वापरासाठी जोडलेले) आहे असे सांगून इन्स्टॉलर अडून बसतो. शिवाय माझ्याकडच्या जुन्या लॅपटॉपवर हीच रचना करून, रूट पार्टिशन (ज्यावर मिंट स्वतः बसलेले असते) फॉर्मॅट झाल्यावर मी तो मुद्दाम बंद केला, तेव्हा पुन्हा सुरू करताना मेनू आलाच नाही; ग्रबची कमांड मागणारी काळी ओळ तेवढी दिसली. म्हणजे रिकव्हरीची खरी गरज पडते नेमक्या त्याच वेळी ती हाती लागत नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर १

मुद्दाम बंद करून पाहिलेत हे फार चांगले केलेत, कारण या रचनेतला खरा दोष त्यामुळेच उघड झाला. ४०_कस्टममधली नोंद शेवटी ग्रबच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये जाते आणि ती फाइल रूट पार्टिशनवर असते. ईएफआय पार्टिशनवर (संगणक सुरू करणाऱ्या फायलींचा छोटा भाग) ग्रबची जी छोटी फाइल असते, ती रूटचा यूयूआयडी (पार्टिशनचा एकमेव ओळख क्रमांक) शोधून पुढचे काम त्याच्याकडे सोपवते. रूट फॉर्मॅट झाले की जुना यूयूआयडी आणि मेनू दोन्ही एकदमच जातात. ज्या प्रणालीला वाचवायचे तिच्याच खांद्यावर रिकव्हरी उभी आहे, आणि ते अवलंबित्व तोडल्याशिवाय बाकीच्या दुरुस्त्यांना अर्थ नाही.

म्हणून रिकव्हरी पार्टिशनला त्याचे स्वतःचे ग्रब द्या. ते पार्टिशन माउंट करून ग्रब-इन्स्टॉल ही कमांड चालवा. तिला बूट-डिरेक्टरी या पर्यायातून रिकव्हरी पार्टिशनवरील बूट फोल्डर सांगा आणि बूटलोडर-आयडी या पर्यायातून मिंटपेक्षा वेगळे नाव द्या. मिंट ईएफआय पार्टिशनवर ‘उबुंटू’ या नावाचे फोल्डर वापरते, त्यामुळे ते नाव कटाक्षाने टाळा. सिक्योर बूट (फक्त स्वाक्षरी केलेले प्रोग्राम सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) चालू असेल तर एक अडचण येते: स्वाक्षरी केलेले ग्रब आपली सेटिंग फाइल त्या ‘उबुंटू’ फोल्डरमध्येच शोधते, म्हणजे आपण पुन्हा मिंटच्याच दारात जाऊन उभे राहतो. अशा वेळी सिक्योर बूट फर्मवेअरमधून बंद करावे आणि ग्रब-इन्स्टॉललाही स्वाक्षरी नसलेली प्रत बसवण्याचा पर्याय द्यावा.

या दुसऱ्या ग्रबचा मेनू हाताने लिहावा. तो पाच-दहा ओळींचाच असतो. पहिली नोंद चेनलोडरने, म्हणजे मिंटच्या ग्रबकडे काम सोपवून, मिंट सुरू करणारी, दुसरी आयएसओ सुरू करणारी, आणि वाट पाहण्याचा काळ पाच सेकंद. पार्टिशनचा उल्लेख सगळीकडे यूयूआयडीने करा, क्रमांकाने नको. त्यानंतर ईएफआयबूटएमजीआर ही बूट क्रम बदलणारी कमांड वापरून रिकव्हरीचे ग्रब बूट क्रमात पहिले ठेवा. एरवी वडिलांना पाच सेकंदांच्या मेनूपलीकडे काही फरक जाणवणार नाही, आणि मिंट पूर्ण पुसले गेले तरी तो मेनू समोर येईलच.

आता इन्स्टॉलरच्या तक्रारीविषयी. आयएसओ ज्या पार्टिशनवर आहे ते लाइव्ह प्रणाली आयसोडिव्हाइस या नावाने माउंट करते, म्हणून इन्स्टॉलरला डिस्क वापरात दिसते. कर्नलच्या ओळीत टूरॅम हा पर्याय लिहिला तर लाइव्ह प्रणाली मेमरीत उतरते. मिंटची आयएसओ साधारण तीन जीबीची असल्यामुळे ८ जीबी रॅम असेल तर हे सहज जमते. त्यानंतरही आयसोडिव्हाइस माउंट दिसले तर टर्मिनलमधून ते अनमाउंट करून मगच इन्स्टॉलर उघडा.

सर्वांत महत्त्वाची सूचना इन्स्टॉलरमधल्या निवडीची आहे. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय कधीही निवडू नका, त्यात होम आणि रिकव्हरी दोन्ही जातील. स्वतः पार्टिशन ठरवण्याचा पर्याय घेऊन फक्त रूटला फॉर्मॅटची खूण करा. होम आणि ईएफआय पार्टिशन फॉर्मॅट न करता जोडा, आणि पार्टिशनच्या आकाराला हात लावू नका. वापरकर्त्याचे नाव पूर्वीचेच द्या. पहिल्या वापरकर्त्याला १००० हाच क्रमांक मिळत असल्याने जुन्या फायलींची मालकीही जुळते.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण तुमच्या वडिलांसाठी आयएसओ हा मार्गच मला अपुरा वाटतो. इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन निवडण्याचे काम त्यांनी करावे, ही अपेक्षा धोक्याची आहे. शिवाय आयएसओतून मिळते ते कोरे मिंट. प्रिंटर, मराठी कीबोर्ड, बसवलेली सॉफ्टवेअर हे सर्व पुन्हा करावे लागेल.

त्याऐवजी नीट बसवलेल्या रूट पार्टिशनची प्रतिमा (संपूर्ण प्रत) एफएसआर्कायव्हर या साधनाने काढून रिकव्हरी पार्टिशनवर ठेवा. ती काढताना रूट माउंट केलेले नसावे, म्हणून हे काम लाइव्ह प्रणालीतून करा. सिस्टमरेस्क्यू या छोट्या लाइव्ह प्रणालीत एफएसआर्कायव्हर असतेच, आणि तिला मेमरीत उतरवण्यासाठी कॉपीटूरॅम हा पर्याय आहे. प्रतिमा परत टाकताना पूर्वीचाच यूयूआयडी कायम राहतो, त्यामुळे एफएसटॅब फाइल (कोणते पार्टिशन कुठे माउंट करायचे याची यादी) आणि ईएफआय पार्टिशनवरील ग्रबची छोटी फाइल दोन्ही न बदलता चालतात. १६ जीबी मात्र या मार्गाला कमी पडण्याची शक्यता आहे; वापरलेली जागा मोजून मगच आकार ठरवा.

उत्तर ३

एक छोटी भर. रिकव्हरी पार्टिशन एखाद्या नव्या वितरणाच्या लाइव्ह प्रणालीतून फॉर्मॅट केले असेल आणि ग्रब २.०६ असेल, तर ग्रबला ते पार्टिशन वाचता न येण्याची शक्यता असते. ई२एफएसप्रॉग्स या ईएक्सटी४ फॉर्मॅट करणाऱ्या साधनसंचाच्या २०२३ मधील १.४७ आवृत्तीपासून ईएक्सटी४मध्ये मेटाडेटा_सीसम_सीड ही सुविधा आपोआप चालू होते आणि ग्रब २.०६ ती ओळखत नाही. फॉर्मॅट करतानाच ती बंद ठेवावी. मिंट २२ मध्ये ग्रब २.१२ आहे, तिथे ही अडचण येत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. जुन्या लॅपटॉपवर वेगळे ग्रब बसवले, रूट पुन्हा फॉर्मॅट करून तो बंद केला, आणि या वेळी मेनू आला. मात्र इन्स्टॉलर पूर्ण चालवल्यानंतर मिंटने बूट क्रमात स्वतःला पुन्हा पहिले नेऊन ठेवले. हे दर वेळी होणार का?

उत्तर १

होय, इन्स्टॉलर चालवला की दर वेळी होईल, आणि दर वेळी ईएफआयबूटएमजीआरने क्रम परत लावावा लागेल. प्रतिमा परत टाकण्याच्या मार्गात बूट क्रमाला कोणी हात लावत नाही, त्यामुळे वडिलांच्या लॅपटॉपवर मीही तोच निवडला असता. रिकव्हरी पार्टिशनची एफएसटॅबमध्ये नोंद करायची असेल तर नोऑटो लिहा, म्हणजे रोजच्या वापरात ते माउंट होणार नाही. आणि होममधल्या फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवाच. ही डिस्कच निकामी झाली तर तिच्यावरचे रिकव्हरी पार्टिशनही तिच्याबरोबर जाते.