ईआरपी रेंगाळला की स्टोरेजच्या नावाने बोटं का मोडायची?

रापणकार
गेल्या महिन्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत बोलावणं आलं. रोज सकाळी अकराला ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) मान टाकतो. मी पोचलो तेव्हा ऑल-फ्लॅश (फिरत्या डिस्कऐवजी चिपवर चालणाऱ्या) स्टोरेजचं कोटेशन सहीसाठी मालकाच्या टेबलावर होतं.

ईआरपीचा डेटाबेस सांभाळणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरलाच विचारलं, बाबा, कशासाठी थांबलायस? वेट्समध्ये, म्हणजे तो कशासाठी किती थांबला त्या नोंदींत, पेजआयओलॅचचा ढीग. म्हणजे डिस्कवरून पानं यायची वाट बघतोय. इथेच लोक घसरतात, ‘बघा, डिस्क स्लो!’ पण डेटा फाइलची रीड लेटन्सी, म्हणजे एका वाचनाला लागणारा वेळ, होती 6 मिलिसेकंद. डिस्क बिचारी नीट पळत होती, तिला नको इतकं पळवलं जात होतं. स्टॉकचा एक रिपोर्ट 4 कोटी ओळींचं टेबल अथपासून इतिपर्यंत वाचायचा आणि बफर पूलमधली (मेमरीत ठेवलेली) कामाची पानं हुसकावून लावायचा. एक इंडेक्स (हव्या त्या ओळी थेट सापडाव्यात म्हणून सूची) घातला, कोटेशन ड्रॉवरमध्ये गेलं.

तेव्हा माझं म्हणणं, वरून खाली उतरा. वेट्स, क्वेरी, फाइलची लेटन्सी, मग हायपरव्हायजर (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर), आणि सगळ्यात शेवटी डिस्क.

मांडवीकाठ
6 मिलिसेकंदांवर माझा विश्वास नाही. ही लेटन्सी जिथून काढतात त्या व्हर्च्युअल फाइल स्टॅट्समधले आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे साठत जातात. त्यात रात्रीचं, रविवारचं, चवथीच्या सुट्टीतलं निवांत वाचनही आलं. अकराच्या गर्दीत 80 लागत असतील तरी सरासरीत ते बुडून जातील. दोनदा आकडे घेऊन वजाबाकी केली होती का?

रापणकार
केली होती. 10:55 आणि 11:10. त्या पंधरा मिनिटांचे 9 मिलिसेकंद आले. तोच आकडा लिहायला हवा होता.

कुळागर
तुम्ही दोघं डिस्कवर भांडताय. मी म्हणतो, छोट्या कंपनीत डेटाबेस व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) ठेवूच नये. आमच्या एकाच होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या मशीनवर) डोमेन, मेल, टॅली, वर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, आणि त्याच गर्दीत डेटाबेस. व्हेंडरने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सीपीयू रेडी, म्हणजे व्हीएम सीपीयूसाठी थांबला तो वेळ, 4000 मिलिसेकंद होता. 20 सेकंदांच्या नमुन्यात 20 टक्के वेळ नुसतं ताटकळणं. वेगळा फिजिकल सर्व्हर घेतला, त्यावर बॅकअप रिस्टोअर केला, संपला विषय.

मांडवीकाठ
व्हीएमला व्हर्च्युअल सीपीयू किती होते? व्हीएमच्या पातळीवरचा आकडा म्हणजे सगळ्यांची बेरीज. 8 असतील तर एकेकाच्या वाट्याला 500, म्हणजे 2.5 टक्के. तेवढ्याने कोणी मरत नाही.

कुळागर
8च होते. हिशोब चुकला, निर्णय चुकला नाही. रापणकारबाब, तुमचं ‘वरून खाली उतरा’ ठीक आहे, पण निम्म्या पायऱ्यांना कुलूप आहे. होस्टचा पासवर्ड व्हेंडरकडे, व्हेंडर पणजीत, आणि गेस्टमधला (व्हीएमच्या आतला) टास्क मॅनेजर शहाण्यासारखा 40 टक्के दाखवत बसतो. होस्टने व्हीएमला थांबवून ठेवलंय हे त्याला कळायला नको?

रापणकार
नाही कळत, खरं आहे. म्हणून पासवर्ड नको, फक्त बघण्यापुरतं लॉगिन मागायचं. किंवा व्हेंडरला गर्दीच्या वेळी ईएसएक्सटॉप (व्हीएमवेअरच्या होस्टवरचं मोजमापाचं साधन) लावायला सांगून दोनच आकडे घ्यायचे. डीएव्हीजी म्हणजे खाली स्टोरेजकडे गेलेला वेळ, केएव्हीजी म्हणजे हायपरव्हायजरमध्ये गेलेला. केएव्हीजी नेहमी शून्याच्या आसपास असतो. तो 2 मिलिसेकंदांवर टिकून राहिला तर रांग होस्टमध्येच लागलीय, नवं स्टोरेज घेऊन ती हलणार नाही. एवढं देणार नाही तो व्हेंडर बदला.

सांतेर
मला ही वरून खाली पद्धत महागात पडलीय. म्हापशाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे जूनमध्ये बिलिंग अडखळायला लागलं. बिल सेव्ह व्हायला आठ-आठ सेकंद. वेट्समध्ये राइटलॉग वर. मी पाच दिवस क्वेरी चाळल्या. शेवटी सर्व्हरपाशी गेलो तर पिवळा दिवा. रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी मेलेली. वीज जा-ये करत होतीच. बॅटरी नाही म्हटल्यावर कंट्रोलर राइट कॅशवर (लिहायचं ते तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीवर) भरवसा ठेवत नाही, प्रत्येक राइट थेट डिस्कवर. त्यात रेड 5, म्हणजे एका छोट्या राइटमागे चार आयओ (डिस्कवरची वाचनं-लेखनं). आधी खाली बघितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

रापणकार
राइटलॉग दिसल्यावर तुम्ही क्वेरीत शिरलातच कसे? कमिट झालं की लॉग डिस्कवर उतरेपर्यंत बिल पुढे सरकत नाही, एवढंच तो वेट सांगतो. वेट्सनी बोट दाखवलं होतं, तुम्ही भलतीकडे बघितलंत.

सांतेर
कारण मालकाचं एकच पालुपद, ‘प्रोग्रामर बदलला तेव्हापासून हे सुरू झालं.’ आणि दिव्यावर कोणीतरी पंचांगाचं कॅलेंडर टांगलं होतं.

मांडवीकाठ
कुळागर, एक राहिलं. त्या जुन्या व्हीएमवर स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) लटकत होता का? असला की सगळे राइट डेल्टा फाइलमध्ये जातात आणि ती फुगत राहते. व्हीएमवेअर स्वतःच सांगतं, 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

कुळागर
व्हेंडरला आत्ताच विचारलं. बॅकअप घेताना केलेला एक स्नॅपशॉट तीन आठवडे तसाच होता.

डेटाबेस तरी फिजिकलवरच राहणार. तिथे स्नॅपशॉट विसरायची सोयच नाही.